उभी कोणती, आडवी कोणती?

टेनिसमध्ये फ्लॅट मारणारा माणूस स्वभावानेही सरळ असतो, असा एक समज आहे. तो खोटा आहे. फ्लॅट मारणारा फक्त चेंडूशी सरळ वागतो. रॅकेटच्या तारांचा विषय निघाला, की त्याच्याइतका संशयी प्राणी अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि या जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे, तेव्हा प्राण्यांची इथे वानवा नाही. मी स्वतः फ्लॅट मारतो, म्हणून हे अधिकारवाणीने सांगतोय.

धानोऱ्यात आम्ही ज्याला कोर्ट म्हणतो ते मुरुमाचं मैदान आहे. रेषा चुन्याच्या, खांब बांबूचे आणि जाळं व्हॉलीबॉलचं. व्हॉलीबॉलचं जाळं 1 मीटर रुंद असतं आणि टेनिसच्या जाळ्याची मधली उंची 91.4 सेंटिमीटर. हा फरक आमचं जाळं मधोमध लोंबून आपला आपण मिटवतं. अडचण दुसरीच आहे. व्हॉलीबॉलच्या जाळ्याचं भोक 10 सेंटिमीटरचं आणि टेनिसचा चेंडू साडेसहा-पावणेसात सेंटिमीटरचा. त्यामुळे माझा जो फटका जगात इतरत्र जाळ्यात अडकून संपला असता, तो इथे आरपार निघून पलीकडे पडतो. मग तो वरून गेला की आतून, यावर खेळ थांबतो. समोर आश्रमशाळेतले गुरुजी असले तर जरा जास्तच थांबतो. गुरुजी टॉपस्पिनवाले. त्यांचा चेंडू जाळ्याच्या हातभर वरून जातो, आणि ज्याचा चेंडू हातभर वरून जातो त्याला नैतिक अधिष्ठान आपोआप मिळतं.

मेंढा-लेखा हे गाव इथून जवळच, तीनेक किलोमीटरवर. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाची. तिथल्या ग्रामसभेत बहुमत चालत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, बोलायचं, आणि नाही झालं तर पुन्हा बसायचं. याच रीतीने त्या गावाने 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 साली आपला बांबू आपण विकला. आम्हीही ती रीत उचलली. चौघांचं एकमत झाल्याशिवाय पॉइंट द्यायचा नाही. मेंढ्याच्या लोकांनी जंगल मिळवलं. आमचा मात्र एक सेट अजून दिवाळीपासून चालू आहे.

फ्लॅट फटक्याचं शास्त्र थोडक्यात असं. टॉपस्पिनचा चेंडू पुढे जाता जाता पुढच्याच दिशेने गोल फिरतो, हवा त्याला वरून दाबते, आणि कितीही जोरात मारला तरी तो बेसलाइनच्या आत मुकाट उतरतो. फ्लॅट चेंडूला खाली आणायला गुरुत्वाकर्षणाशिवाय कोणी नाही. कोर्टाची पूर्ण लांबी 23.77 मीटर. एवढ्यात जाळ्याच्या जेमतेम वरून निघून समोरच्या रेषेच्या जेमतेम आत त्याने पडायचं. चेंडू तारांवर टेकतो तो 5 मिलिसेकंदांच्या आसपास. तेवढ्या वेळात तारा कालच्यापेक्षा जरा ढिल्या निघाल्या, तर चेंडू थोडा वरच्या कोनात सुटतो आणि लांब जातो. गुरुजींना हा फरक कळतही नाही. त्यांची फिरकी सगळं सांभाळून घेते. माझा चेंडू मात्र रेषेच्या वीतभर बाहेर. म्हणजे फ्लॅट मारणाऱ्याचं तारेकडे मागणं फिरकीचं नसतंच. काल जशी होतीस तशी आज राहा, एवढंच. इथल्या विजेने आणि मोबाइलच्या टॉवरने जे मला कधी कबूल केलं नाही, ते मी सव्वा मिलिमीटर जाडीच्या दोऱ्याकडून मागतो आहे.

आता तारांकडे येऊ. 1997 साली गुस्ताव्हो कुएर्तेन नावाचा एक किडकिडीत, कुरळ्या केसांचा ब्राझिली पोरगा फ्रेंच ओपन जिंकला. जागतिक यादीत तेव्हा तो 66 वा होता. त्याच्या रॅकेटला लक्सिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टरची तार होती. तोवर मोठे खेळाडू या तारेकडे ढुंकून पाहत नव्हते. नंतर तिच्यावाचून कोणाचं पान हलेना. या तारेचा गुण असा, की चेंडू खालून वर घासला की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटक्याने जागेवर येतात. त्या झटक्यात फिरकी आहे. पण ज्याला चेंडू घासायचाच नाही, त्याच्या वाट्याला या तारेचा फक्त कडकपणा येतो, आणि तो कोपरात जाऊन मुक्काम करतो. त्यात ती ताण धरत नाही. गटिंग करून, म्हणजे तारा ओवून, रॅकेट खुंटीला नुसती टांगून ठेवा, पहिल्या दिवसातच ती सैलावायला लागते.

कोपरावरून आठवलं. गडचिरोली-धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 पासून या जिल्ह्यात काम करताहेत. गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळं घरच्या घरी कशी वाचवायची, हे त्यांनी करून दाखवलं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि जगभर गाजलं. आता अशा ठिकाणी ‘पॉलिएस्टरमुळे कोपर दुखतं’ असं केसपेपरवर लिहून घ्यायला माणूस कोणत्या तोंडाने जाईल? मी दोनदा त्या फाटकावरून मोटरसायकलने गेलो, दोन्ही वेळा कोपर आपोआप बरं झालं.

पॉलिएस्टरच्या अगदी दुसऱ्या टोकाला नॅचरल गट. ही तार गुराच्या आतड्याच्या पातळ आवरणाचे पट्टे पिळून, वाळवून, घासून करतात. फ्रान्समधल्या ल्यॉन शहरातल्या बाबोला घराण्याने 1875 पासून हा उद्योग चालवला आहे. एका रॅकेटला साधारण 12 मीटर तार लागते आणि तेवढ्यासाठी तीनेक गाईंचं आतडं. हाताला मऊ, चेंडूला जोर देणारी, आणि मुख्य म्हणजे ताण धरून ठेवणारी. दीडशे वर्षांत प्रयोगशाळांनी इतकं नायलॉन आणि इतकं पॉलिएस्टर ओतलं, पण या एका बाबतीत गाईची बरोबरी कोणाला करता आलेली नाही. म्हणजे फ्लॅट मारणाऱ्याला हवी ती हीच. किंमत मात्र अशी, की तार तुटल्याचा आवाज आधी खिशातून येतो.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की दोन्ही एकत्र घालावं. उभ्या एका प्रकारच्या, आडव्या दुसऱ्या. यालाच हायब्रिड म्हणतात. खर्च निम्मा, गुण दोन्हीकडचे. आमच्यात खेळणाऱ्या बँकेतल्या साहेबांच्या मते दोष दोन्हीकडचे, पण ते कर्जाबद्दलही असंच बोलतात.

खरी मारामारी इथून सुरू होते. रॉजर फेडरर उभ्या तारा गटच्या लावायचा आणि आडव्या पॉलिएस्टरच्या. अँडी मरेने नेमकं उलटं केलं: उभी पॉलिएस्टर, आडवी गट. दोघेही विम्बल्डन जिंकलेले, तेव्हा कोणाला चूक म्हणायची सोय नाही. रॅकेटची वागणूक मुख्यतः उभ्या तारांवर ठरते. आडव्या फक्त तिला लगाम घालतात. म्हणून फेडररची रॅकेट मुळात मऊ, जरा आवरलेली, आणि मरेची मुळात करडी, जरा सैलावलेली. आपल्याकडे उभं गंध लावणारे आणि आडवं गंध लावणारे यांच्यात जे झालं, तेच आमच्या मुरुमाच्या मैदानावर सुरू झालं. मी उभ्या गटचा, म्हणजे फेडरर पंथाचा. फॉरेस्टातले क्षेत्र सहाय्यक मरे पंथाचे. ते फ्लॅट मारतात, पण जोरात मारतात, आणि जोरात मारणाऱ्याला लगाम उभ्याच तारेत हवा असं त्यांचं म्हणणं. चूक आहे असंही म्हणवत नाही. जोकोविचचं नाव काढलं तर ते खाली मैदानाकडे बघतात, कारण तो आमच्या पंथातला.

गुरुजींना यात रस नाही. ते दोन्ही पंथांची टिंगल करतात आणि मध्येच नस्तासेची गोष्ट सांगतात. 1977 साली इली नस्तासेने एक्स-आँ-प्रोव्हान्सला गिल्येर्मो व्हिलासविरुद्ध एक रॅकेट काढली. तिच्या उभ्या तारा दुहेरी थरात, एकमेकींत न विणलेल्या, मध्ये नळ्या सरकवलेल्या. लोक तिला ‘स्पगेटी’ रॅकेट म्हणत. शोध एका जर्मन बागायतदाराचा. त्या रॅकेटवरून चेंडू असा काही फिरायचा, की क्ले कोर्टावर कित्येक महिने कोणालाच न आवरलेला व्हिलास दोन सेट गेल्यावर वैतागून खेळ सोडून निघून गेला. त्यानंतर टेनिसवाल्यांना रॅकेट म्हणजे काय याची व्याख्या नियमात लिहावी लागली. तोवर ती लिहिलेलीच नव्हती! गुरुजींचा निष्कर्ष असा, की तारांचा फार विचार करणाऱ्याला शेवटी नियम लावावा लागतो. हे ते माझ्याकडे पाहून म्हणतात.

गटला पाण्याचं वावडं आहे. ओल लागली की ती फुगते, तिचे पदर सुटतात, आणि मग चार दिवसांत तुटते. गडचिरोलीच्या पावसाबद्दल मी वेगळं काही सांगायला नको. जूनच्या मध्यापासून भिंतींना, वह्यांना, काड्यापेटीला आणि माणसाच्या स्वभावाला ओल येते. मी रॅकेट तांदळाच्या डब्यात खोचून ठेवली. तांदूळ ओल शोषतो आणि हा धानाचा मुलूख, त्यामुळे डबाही मोठा होता. आईने ती पाहिली.

“हे का होय रे तांदळात?”

“रॅकेट आहे. ओल लागू नये म्हणून.”

“ते दिसते मले. तार कायची आहे?”

“नैसर्गिक आहे, आई.”

“नैसर्गिक म्हंजे कायची?”

आईने आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. अर्धवट उत्तरावर तिने कधी मार्क दिले नाहीत. मी सांगितलं. रॅकेट तांदळातून निघाली, तांदूळ डब्यातून निघाले, डबा तीनदा घासला गेला, आणि रॅकेटला अंगणात, तुळशीकडे पाठ करून, जागा मिळाली. मैदानावर ही हकीकत सांगितली तेव्हा ‘आतडं’ म्हटल्यावर क्षेत्र सहाय्यकांचा चेहरा पंचनाम्याचा झाला. गाय हा वन्यप्राणी नाही, हे लक्षात आल्यावर निवळला.

रॅकेट गट करायला आमच्यासाठी जवळचं ठिकाण म्हणजे नागपूर. दोनशेच्या वर किलोमीटर. एवढ्यासाठी कोणी जात नाही, म्हणून नागपूरला कोण चाललंय याची खबर ठेवावी लागते. हायकोर्टात तारीख असलेले, मुलाला कॉलेजात घालायला निघालेले, लग्नाचा बस्ता बांधायला जाणारे: सगळ्यांच्या सामानात कधी ना कधी माझी रॅकेट होती. सोबत चिठ्ठी: ‘उभ्या गट, 54 पौंड. आडव्या पॉली, 50 पौंड. पॉली गोल आणि गुळगुळीतच, धारेची नको.’ धारेची पॉलिएस्टर गटला करवतते, म्हणून हे शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित करतो. बस्त्याला गेलेल्या एका भल्या गृहस्थाने परत आल्यावर मला विचारलं, “नवरा-नवरीले जेवढं पायलं नाही, तेवढं तुमच्या आडव्या-उभ्याले पायलं जी. होते तरी का याच्यानं?” मी त्यांना 5 मिलिसेकंदांचं सांगितलं. त्यांनी पुढच्या वेळी आपण रेल्वेने जाणार असल्याचं सांगितलं. इथल्या माणसाला रेल्वे धरायची तर आधी वडसा गाठावं लागतं. माणूस मला टाळण्यासाठी किती लांब जाऊ शकतो, ते त्या दिवशी कळलं.

एकदा रॅकेट आली ती 24 पौंडांवर गट होऊन. दुकानाचं नाव सांगत नाही. चिठ्ठी वाटेत हरवली असावी, आणि दुकानदाराने सवयीने बॅडमिंटनचा आकडा लावला. त्याचा तरी काय दोष? आपल्याकडे गटिंगवाल्याचं पोट बॅडमिंटनवर चालतं. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिसच खेळत. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. 1956 साली मलायातली सेलांगोरची स्पर्धा जिंकून ते परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. त्यांचा मुलगा गौरव टेनिसकडे परतला आणि 1994 च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला. एकाच घराने दोन पिढ्यांत दोन्ही प्रकारचे गटिंगवाले जगवले.

तर 24 पौंड. पहिला फटका मी नेहमीसारखा मारला आणि चेंडू मैदान, कुंपण, पंचायतीची टाकी असं सगळं ओलांडून गेला. गुरुजी म्हणाले, “हा वरून गेला, यावर एकमत आहे.” मी हताश होऊन घरी आलो आणि चाळता चाळता आद्रियाँ मानारिनो सापडला. फ्रान्सचा डावखुरा खेळाडू, मारतो अगदी फ्लॅट, आणि तारा लावतो 30 पौंडांच्याही खाली! 2023 साली, पस्तिशीत, त्याने एका वर्षात तीन स्पर्धा जिंकल्या. आखूड फटका, हात जवळजवळ हलतच नाही, जोर सगळा तारांचा. मी दुसऱ्या दिवशी छाती काढून मैदानावर गेलो आणि जाहीर केलं, की हे चुकून झालेलं नाही, हे फ्रेंच आहे. क्षेत्र सहाय्यकांनी मानारिनो उभ्या-आडव्या दोन्ही पॉलिएस्टरच लावतो हे शोधून काढलं आणि मला पंथाबाहेर घालायचा ठराव मांडला. एकमत न झाल्याने तो पडून आहे. दॅनील मेदवेदेवचंही तेच. फ्लॅट मारतो, 2021 साली अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात जोकोविचला सरळ सेटमध्ये हरवतो, आणि गट रॅकेटला शिवूसुद्धा देत नाही. असले पुरावे मी मैदानावर नेत नाही.

आणखी एक पंथ अगासीचा होता. नव्वदच्या दशकात तो उभ्या तारा केव्हलरच्या लावायचा. केव्हलर म्हणजे ज्याची बुलेटप्रूफ जॅकेटं करतात ते. धानोऱ्यात सीआरपीएफचा तळ आहे, तेव्हा इथल्या पोराटोरांना केव्हलर माहीत आहे. त्यातून कोणी करमणुकीसाठी चेंडू मारतो, यावर मात्र ती विश्वास ठेवत नाहीत.

मैदानाच्या कडेला मोहाच्या सावलीत एक आजोबा बसतात. त्यांच्या घरी आढ्याला जुनं धनुष्य टांगलेलं आहे. दांडा बांबूचा, आणि दोरीही बांबूच्याच सालीची, तासून काढलेली. एक दिवस त्यांनी माझी रॅकेट मागितली, कानाशी धरली आणि नखाने तार छेडली. मग क्षेत्र सहाय्यकांची घेतली, तीही छेडली. “तुमची ढिली झाली जी. यायची कडक आहे, पण खालच्या अंगाले उतरली.” दोन्ही निदानं अचूक होती. ब्यॉन बोर्ग लाकडी रॅकेटला 80 पौंडांपर्यंत ताण द्यायचा. रात्री हॉटेलच्या खोलीत तारा आपोआप तुटायच्या आणि तो व त्याचे प्रशिक्षक बेर्गेलिन आवाजाने जागे व्हायचे. रॅकेटी एकमेकींवर ठोकून, नाद ऐकून ते ताण जोखायचे. त्यासाठी स्वीडनला जायची काही गरज नव्हती, एवढंच मला त्या दिवशी वाटलं.

आजोबांनी रॅकेट परत दिली आणि विचारलं, “दोन जातीच्या तारा कायले लावता? आमचं तं एकाच बांबूत भागते.”

या प्रश्नावर दोन्ही पंथ पहिल्यांदाच एका बाजूला आले आणि आजोबांना अर्धा तास हायब्रिडची तत्त्वं समजावत राहिले. ते ऐकत होते. मधूनमधून मान हलवत होते. शेवटी म्हणाले, “बरं, मंग खेळता कवा?”

आता कोणी फ्लॅट मारणारा इकडे बदलून आला आणि त्याने सल्ला मागितला, तर माझं उत्तर तयार आहे, पण ते ऋतूवर चालतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी: उभ्या गट, आडव्या गुळगुळीत पॉलिएस्टर, आडव्यांचा ताण उभ्यांपेक्षा 3-4 पौंड कमी. रॅकेट शक्य तर 18 उभ्या आणि 20 आडव्या तारांची घ्यावी. 16 बाय 19 ची विरळ जाळी फिरकीवाल्यांसाठी, तिच्यातून फ्लॅट चेंडू जरा उंचच सुटतो. मार्च ते मे: तारा तशाच, पण रॅकेट बंद गाडीत ठेवायची नाही, पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा गाडीतली पॉलिएस्टर माणसाआधी हात टेकते. पैसे नसतील तर उभ्या मल्टिफिलामेंट नायलॉनच्या लावाव्यात. गटची ऐट नाही, पण कोपर शाबूत राहतं आणि आईला सरळ उत्तर देता येतं. पावसाळ्यात दोन्हीकडून साधं सिंथेटिक गट, कितीही पौंडांवर, कारण खेळायला मिळतंच कुठे. गटिंग किती वेळा, याचा सर्वमान्य ठोकताळा असा, की आठवड्यातून जितक्या वेळा खेळता, वर्षातून तितक्या वेळा. त्यात एकमतासाठी थांबलेला वेळ धरायचा की नाही, हे ठोकताळ्यात दिलेलं नाही.

माझी रॅकेट सध्या नागपुरात आहे. यंदा जरा धाडस करून चिठ्ठीत लिहिलं, ‘या वेळी उलटं करून पाहा, उभ्या पॉली, आडव्या गट.’ चिठ्ठी नेणाऱ्याने ती वाटेत गुरुजींना दाखवली. त्यांनी खाली लाल शाईने शेरा मारला, ‘सर्वसहमती झाल्याशिवाय बदल करू नये.’ क्षेत्र सहाय्यकांनी त्याच्याखाली ‘माझी सहमती आहे’ असं लिहून शिक्का उठवला. काल दुकानातून फोन आला. “सर, पहिलं अक्षर धरू, लाल शाई धरू, की शिक्का?”

मी म्हटलं, कठाणी नदीचं पाणी पुलावरून उतरू दे, समक्ष येऊन सांगतो.